सिकलसेल आजारात मूत्रपिंडाची गाळणी: रासायनिक मध्यस्थांचे कार्य आणि परिणाम

मूत्रपिंड रक्त गाळते हे आपण शाळेपासून शिकत आलो आहोत. पण ‘गाळणी’ म्हटले की डोळ्यांसमोर चहाची गाळणी येते, आणि तिथेच समज अपुरी राहते. चहाची गाळणी स्वतः काही करत नाही. मूत्रपिंडातील गाळणी मात्र जिवंत पेशींची बनलेली आहे आणि त्या पेशी रासायनिक संदेशांना क्षणोक्षणी प्रतिसाद देत असतात. या संदेशवाहक पदार्थांना आपण रासायनिक मध्यस्थ म्हणू. प्रोस्टाग्लँडिन, अँजिओटेन्सिन, नायट्रिक ऑक्साइड, एंडोथेलिन ही त्यांतली प्रमुख नावे.

हे मध्यस्थ कसे काम करतात हे समजून घेण्यासाठी या पाठात आपण एकच आजार उदाहरण म्हणून घेणार आहोत: सिकलसेल. मध्य भारताच्या दृष्टीने ही निवड योग्य आहे. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. विदर्भापासून छत्तीसगडपर्यंतच्या पट्ट्यात हा आजार आजही मोठ्या संख्येने आढळतो. तो केवळ आदिवासी समाजांपुरता मर्यादित नाही, इतर अनेक समाजांतही आहे. रायपूरमध्ये या आजारासाठी राज्य शासनाची स्वतंत्र संस्था, सिकलसेल इन्स्टिट्यूट छत्तीसगड, काम करते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सिकलसेल म्हणजे रक्तक्षय आणि अंगदुखी, एवढेच अनेकांना माहीत असते. या आजारात मूत्रपिंडाची गाळणी लहानपणापासून बदलू लागते, ही बाब मागे राहते.

पाठाचा मुख्य मुद्दा आधीच सांगून ठेवतो: जो मध्यस्थ आज गाळणी चालू ठेवतो, तोच वर्षानुवर्षे चालू राहिला तर गाळणीची झीज करतो, आणि त्याचा आधार एकदम काढून घेतला तरीही गाळणी अडचणीत येते.

१. गाळणीची रचना

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख नेफ्रॉन असतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी केशिकांचा एक गुच्छ असतो, त्याला ग्लोमेरुलस म्हणतात. शरीरातील बहुतेक केशिकांच्या एका टोकाला धमनिका आणि दुसऱ्या टोकाला शिरिका असते. ग्लोमेरुलसच्या मात्र दोन्ही टोकांना धमनिका आहेत: रक्त आत आणणारी अभिवाही धमनिका आणि रक्त बाहेर नेणारी अपवाही धमनिका. दोन्हींच्या भिंतीत आकुंचन पावणारे स्नायू असल्यामुळे दोन्ही बाजूंनी नियंत्रण शक्य होते.

केशिकेतून गाळलेला द्रव तीन थर ओलांडतो. पहिला थर छिद्रे असलेल्या एंडोथेलियम पेशींचा. दुसरा थर आधारपटलाचा. तिसरा थर पोडोसाइट नावाच्या पेशींचा. या पेशींची पावले एकमेकांत बोटे गुंतवावीत तशी गुंफलेली असतात आणि त्यांच्यामधील फटींवर प्रथिनांचा पातळ पडदा असतो. त्यातील नेफ्रिन हे प्रथिन १९९८ साली ओळखले गेले. ते जन्मतःच सदोष असेल तर बाळाच्या लघवीतून प्रथिने अतोनात वाहून जातात. केशिकांना आधार देणाऱ्या मेसँजियल पेशी केशिकांच्या मधल्या जागेत असतात. त्या आकुंचन पावल्या की गाळण्यासाठी उपलब्ध असलेले क्षेत्रफळ घटते.

लक्षात ठेवा, पोडोसाइट पेशी प्रौढ वयात सहसा विभागून नव्या तयार होत नाहीत. गेलेली पेशी भरून निघणे अवघड असते. पुढच्या भागात या मुद्द्याचे महत्त्व कळेल.

२. दाबाचे गणित

गाळण्याचे बळ तीन दाबांवर ठरते. पाठ्यपुस्तकांत माणसासाठी दिले जाणारे अंदाजे आकडे असे आहेत:

केशिकेतील रक्ताचा दाब: ६० मिलिमीटर पारा (बाहेर ढकलतो)
बोमन संपुटातील द्रवाचा दाब: १८ (आत ढकलतो)
रक्तातील प्रथिनांचा आकर्षण दाब: ३२ (पाणी आत धरून ठेवतो)

म्हणून निव्वळ दाब = ६० − १८ − ३२ = १० मिलिमीटर पारा. दोन्ही मूत्रपिंडे मिळून प्रत्येक मिलिमीटर दाबामागे मिनिटाला सुमारे १२.५ मिलिलिटर द्रव गाळतात. म्हणजे गाळण दर १० × १२.५ = १२५ मिलिलिटर प्रतिमिनिट, आणि दिवसाला १८० लिटर.

आता केशिकेतील दाब फक्त ४ मिलिमीटरने वाढला आणि बाकी सारे तसेच राहिले असे समजा. निव्वळ दाब १४ होईल आणि गाळण दर १७५ होईल. तोच दाब ४ ने घटला तर दर ७५ वर येईल. प्रत्यक्षात इतर दाबही थोडे बदलतात, त्यामुळे फरक एवढा मोठा नसतो. तरीही मूळ गोष्ट खरी आहे: निव्वळ दाब मुळात लहान असल्याने थोडासा बदलही गाळण दरावर मोठा परिणाम करतो. म्हणूनच दोन धमनिकांवर काम करणारे मध्यस्थ इतके महत्त्वाचे ठरतात.

ठिबक सिंचनाची नळी आठवा. सुरुवातीचा कॉक अधिक उघडला तर नळीतील दाब वाढतो आणि थेंब जास्त पडतात. शेवटच्या टोकाचा कॉक आवळला तरीही दाब वाढतो. सुरुवातीचा कॉक आवळला किंवा शेवटचा मोकळा सोडला तर थेंब कमी होतात. अभिवाही धमनिका हा पहिला कॉक, अपवाही धमनिका हा शेवटचा.

३. कोणता मध्यस्थ कोणता कॉक फिरवतो?

प्रोस्टाग्लँडिन (ई२ आणि आय२): मुख्यतः अभिवाही धमनिका रुंद करतात. निरोगी, पुरेसे पाणी प्यालेल्या माणसात त्यांचा वाटा लहान असतो. शरीरात पाणी कमी पडले, रक्तस्राव झाला किंवा हृदय कमजोर झाले, की त्यांच्यावरच गाळण टिकून राहते.

अँजिओटेन्सिन-२: दोन्ही धमनिका आकुंचित करते, पण अपवाही धमनिकेवर तिचा परिणाम अधिक असतो. त्यामुळे रक्तदाब घटला तरी केशिकेतील दाब काही काळ सांभाळला जातो. ती मेसँजियल पेशींनाही आकुंचित करते. या यंत्रणेचा आरंभबिंदू असलेले रेनिन टायगरस्टेड आणि बर्गमन यांनी १८९८ साली सशाच्या मूत्रपिंडातून वेगळे काढले.

नायट्रिक ऑक्साइड: एंडोथेलियम पेशी तयार करतात. रक्तवाहिन्या सैल ठेवते.

एंडोथेलिन-१: हेही एंडोथेलियममध्येच तयार होते, पण काम उलटे. रक्तवाहिन्या जोरात आकुंचित करते आणि पोडोसाइटवरही परिणाम करते. जपानमध्ये १९८८ साली याचा शोध लागला.

अडेनोसीन: नलिकेत मीठ जास्त पोहोचले की मॅक्युला डेन्सा भागातून मिळणाऱ्या संदेशानुसार अभिवाही धमनिका आवळते. जणू ‘गाळणी जरा हळू चालव’ असा निरोप.

टीजीएफ-बीटा: हा धमनिकांना फिरवणारा मध्यस्थ नाही. तो पेशींना तंतुमय पदार्थ तयार करायला लावतो. अल्पकाळ तो जखम भरून काढतो, दीर्घकाळ राहिला तर व्रण पाडतो.

यादी पाठ करण्यापेक्षा प्रत्येक मध्यस्थाबद्दल दोन प्रश्न विचारायची सवय लावा: हा कोणत्या धमनिकेवर काम करतो? आणि हा काही मिनिटांसाठी आहे की काही वर्षांसाठी?

४. सिकलसेलमध्ये सुरुवात कुठे होते?

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असते. ऑक्सिजन कमी झाला की असे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक होते.

मूत्रपिंडाचा आतला भाग, म्हणजे मज्जा, हे अशा पेशींसाठी सर्वांत प्रतिकूल ठिकाण आहे. तिथे ऑक्सिजन कमी, आम्लता जास्त आणि क्षारांची तीव्रता प्रचंड असते. क्षारांमुळे पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते, हिमोग्लोबिन दाट होते आणि तंतू आणखी लवकर बनतात. मज्जेतील बारीक सरळ रक्तवाहिन्या तुंबतात. याचे दोन परिणाम होतात.

पहिला परिणाम पाण्याचा. लघवी घट्ट करण्याची क्षमता बालपणीच कमी होऊ लागते. निरोगी प्रौढ व्यक्ती लघवी सुमारे १२०० मिलिऑस्मोलपर्यंत घट्ट करू शकते, सिकलसेलच्या प्रौढ रुग्णात ही मर्यादा ४०० ते ४५० च्या आसपास येते. दिवसाला ६०० मिलिऑस्मोल टाकाऊ पदार्थ बाहेर टाकायचे असतील, तर निरोगी माणसाला किमान अर्धा लिटर लघवी पुरते, या रुग्णाला किमान दीड लिटर लागते. मे महिन्यात रायपूरचा पारा ४४ अंशांच्या पुढे जातो तेव्हा हा एक लिटरचा फरक फार मोठा ठरतो. घामाने पाणी गेले तरी या रुग्णाचे मूत्रपिंड पाणी वाचवू शकत नाही. पाणी कमी पडले की पेशी वाकड्या होण्याचे प्रमाण वाढते, आणि वेदनांचा झटका येऊ शकतो.

दुसरा परिणाम गाळणीवर होतो. मज्जेला रक्त अपुरे पडू लागल्यावर मूत्रपिंडात प्रोस्टाग्लँडिन जास्त तयार होते, असे मानले जाते. त्याने अभिवाही धमनिका रुंद होते. रक्तक्षयामुळे हृदय आधीच अधिक रक्त पुढे ढकलत असते. तांबड्या पेशी फुटून हीम बाहेर पडते, त्याच्या विघटनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि तोही रक्तवाहिन्या रुंद करतो. पहिला कॉक असा चहूबाजूंनी उघडला जातो. म्हणून सिकलसेलच्या अनेक मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये गाळण दर सामान्यापेक्षा कमी नसून जास्त असतो. याला अतिगाळण म्हणतात.

चित्र एकरंगी नाही, हेही नोंदवायला हवे. फुटलेल्या पेशींतून मोकळे झालेले हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते, आणि एंडोथेलिन-१ वाढते. म्हणजे एकाच रुग्णात वाहिन्या रुंद करणारे आणि आवळणारे मध्यस्थ एकाच वेळी काम करत असतात. सुरुवातीच्या वर्षांत रुंद करणाऱ्यांचे पारडे जड असते.

५. वेदनाशामक गोळी आणि काढून घेतलेला आधार

सिकलसेलचा झटका म्हणजे हाडे, पाठ, छाती यांत असह्य वेदना. अशा वेळी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके हाताशी असतात. ही औषधे नेमके काय करतात? १९७१ साली जॉन वेन यांनी दाखवून दिले की ॲस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती थांबवतात. या कामासाठी त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक सुने बर्गस्ट्रॉम आणि बेंग्ट सॅम्युएल्सन यांच्यासह मिळाले. सांध्यातील प्रोस्टाग्लँडिन थांबले की दुखणे कमी होते. पण गोळीला सांधा आणि मूत्रपिंड यांत भेद करता येत नाही.

१९८० साली नेदरलँड्समधील संशोधकांनी इंडोमेथासिन हे याच गटातील औषध सिकलसेलच्या रुग्णांना आणि निरोगी व्यक्तींना देऊन पाहिले. निरोगी व्यक्तींच्या गाळण दरात विशेष फरक पडला नाही, रुग्णांचा गाळण दर मात्र घटला. या प्रयोगाचा अर्थ नीट समजून घ्या. औषध तेच होते. फरक होता तो त्यांच्या मूत्रपिंडाची गाळणी प्रोस्टाग्लँडिनच्या आधारावर किती उभी आहे याचा.

आता सर्व घटना क्रमाने लावू. कडक ऊन, घाम, लघवीतून न थांबणारे पाणी. त्यामुळे शरीरात पाण्याची तूट आणि वेदनांचा झटका. पाण्याच्या तुटीमुळे अँजिओटेन्सिन वाढते आणि गाळण टिकवण्यासाठी प्रोस्टाग्लँडिनची गरज आणखी वाढते. नेमक्या याच वेळी दुकानातून आणलेली गोळी प्रोस्टाग्लँडिन बंद करते. पहिला कॉक आवळला जातो आणि गाळण दर झपाट्याने खाली येऊ शकतो. आजाराची वेदना आणि मूत्रपिंडाचा धोका असे एकाच वेळी टोक गाठतात.

म्हणून या औषधांवर सरसकट बंदी आहे असे समजू नका. वेदना सोसत राहणे हाही उपाय नाही. मूत्रपिंडाची स्थिती तपासून, पाण्याची तूट भरून काढून, किती दिवस आणि कोणते वेदनाशामक द्यायचे हे डॉक्टर ठरवतात. मुद्दा असा की सिकलसेलच्या रुग्णाने असे औषध स्वतःच्या मनाने घेऊ नये.

६. अतिगाळण ते झीज

गाळण दर जास्त म्हणजे मूत्रपिंड उत्तम, असा समज होऊ शकतो. तो चुकीचा आहे. अधिक दाबाखाली ग्लोमेरुलस आकाराने वाढतो, केशिकांची भिंत ताणली जाते. पोडोसाइटना तेवढ्याच संख्येत अधिक पृष्ठभाग झाकावा लागतो. त्यांची पावले पसरट होतात, काही पेशी सुटून लघवीत वाहून जातात. नव्या पेशी येत नसल्याने तेथे आधारपटल उघडे पडते.

यात मध्यस्थांची भर पडते. अँजिओटेन्सिन-२ शेवटचा कॉक आवळून दाब वाढवतेच, शिवाय पोडोसाइटच्या आतील आधारतंतूंची रचना बिघडवते आणि टीजीएफ-बीटाची निर्मिती वाढवते. एंडोथेलिन-१ याच दिशेने काम करते. टीजीएफ-बीटामुळे मेसँजियल भागात तंतुमय पदार्थ साचतो. ग्लोमेरुलसचा काही भाग, आणि पुढे पूर्ण ग्लोमेरुलस, व्रण होऊन निकामी होतो. उरलेल्या ग्लोमेरुलसवर अधिक भार येतो आणि तेच चक्र तिथेही सुरू होते.

या झिजेची पहिली खूण लघवीत अल्ब्युमिन येणे ही असते. सूज, उलटी, थकवा ही लक्षणे फार उशिरा दिसतात.

७. तपासणी आणि उपचार

रक्तातील क्रिएटिनीनवर एकट्यावर विसंबून राहणे सिकलसेलमध्ये फसवे ठरते. या रुग्णांच्या नलिका क्रिएटिनीन अधिक प्रमाणात बाहेर टाकतात, आणि स्नायू कमी असल्याने ते मुळात कमी तयार होते. शिवाय सुरुवातीला अतिगाळण असते. त्यामुळे बरीच गाळणक्षमता गेली तरी अहवालातील आकडा ‘सामान्य’ दिसू शकतो. लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनीन यांचे गुणोत्तर ही अधिक उपयोगी तपासणी आहे. ते प्रतिग्रॅम ३० मिलिग्रॅमपेक्षा वारंवार जास्त आले तर गाळणीला इजा होत आहे असे मानतात. अमेरिकेतील २०१४ च्या तज्ज्ञ मार्गदर्शक सूचनांनुसार वयाच्या १० व्या वर्षापासून दरवर्षी लघवीची तपासणी करावी.

उपचारात शेवटचा कॉक सैल करणारी औषधे वापरली जातात. एनालाप्रिलसारखी एसीई-रोधक औषधे अँजिओटेन्सिन-२ ची निर्मिती रोखतात. अपवाही धमनिका सैल होते आणि केशिकेतील दाब उतरतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात सिकलसेलच्या रुग्णांना एनालाप्रिल दिल्यावर दोन आठवड्यांत लघवीतील प्रथिने लक्षणीय घटली, आणि औषध थांबवल्यावर पुन्हा वाढली. अँजिओटेन्सिन खरोखरच या साखळीत आहे, याचा हा पुरावा होता.

येथे एक सावधगिरी आहे. एसीई-रोधक शेवटचा कॉक मोकळा करते आणि वेदनाशामक पहिला कॉक आवळते. ही दोन्ही औषधे सोबत घेतली आणि त्यात जुलाब, उलट्या किंवा उन्हामुळे पाण्याची तूट झाली, तर केशिकेतील दाब दोन्ही बाजूंनी कोसळतो. एसीई-रोधक घेणाऱ्या रुग्णाने अशा आजारपणात लगेच डॉक्टरांना विचारावे, ते याचसाठी.

सारांश

ग्लोमेरुलसच्या दोन्ही टोकांना धमनिका असल्याने त्यातील दाब दोन्हीकडून बदलता येतो. निव्वळ दाब जेमतेम १० मिलिमीटर असल्याने मध्यस्थांचा छोटा बदलही मोठा परिणाम करतो. सिकलसेलमध्ये प्रोस्टाग्लँडिन आणि इतर मध्यस्थ गाळण वाढवतात, पण वाढलेला दाब, अँजिओटेन्सिन-२, एंडोथेलिन-१ आणि टीजीएफ-बीटा मिळून पोडोसाइटची झीज करतात. पाण्याची तूट असताना घेतलेले वेदनाशामक गाळणीचा आधार काढून घेते. वार्षिक लघवी तपासणी ही झीज वेळेवर दाखवू शकते.

स्वाध्याय

१. केशिकेतील दाब ५७ मिलिमीटर झाला आणि इतर दोन दाब व गाळण गुणांक तोच राहिला, तर गाळण दर किती होईल?

२. इंडोमेथासिनचा परिणाम निरोगी व्यक्तीत न दिसता सिकलसेलच्या रुग्णात का दिसतो? तीन-चार वाक्यांत स्पष्ट करा.

३. एका १६ वर्षांच्या सिकलसेल रुग्णाचे क्रिएटिनीन ०.५ मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर आहे. ‘मूत्रपिंड ठणठणीत आहे’ असा निष्कर्ष काढणे योग्य आहे का? आणखी कोणती तपासणी सुचवाल आणि का?

४. एसीई-रोधक औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनीन किंचित वाढू शकते, तरीही ते मूत्रपिंडाचे रक्षण करते. हा विरोधाभास दोन कॉकच्या उदाहरणाने सोडवून दाखवा.